जुनी उघडी मोटार: तिचे आजार आणि दुरुस्तीचा खर्च

घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून, अशी एक जुनी म्हण आहे. ती रूढ झाली त्या काळीं मोटार नव्हती. असती, तर ‘जुनी मोटार पहावी घेऊन’ हा तिसरा चरण तीस खचित जोडला गेला असता. घराचा आणि लग्नाचा खर्च निदान आधीं डोळ्यांसमोर उभा राहतो. जुन्या मोटारीचा खर्च मात्र ती दारांत येऊन उभी राहिल्यावर मग हळूहळू प्रकट होऊं लागतो. त्यांतही ती मोटार दोन आसनांची, उघड्या टपाची आणि हौसेनें घेतलेली असली, म्हणजे घेणाऱ्याचें लक्ष तिच्या रूपावर अधिक आणि तिच्या खालच्या अंगावर कमी असतें. हौसेला मोल नाहीं हें खरें. परंतु दुरुस्तीला मोल आहे, आणि तें किती असेल याचा अंदाज पुष्कळ अंशीं आधींच करतां येतो.

अशा मोटारीस रोडस्टर म्हणतात. एके काळीं या जातीचें माहेर इंग्लंड हें होतें. लोटस कंपनीची एलान आणि एमजी कंपनीची एमजीबी या दोन प्रसिद्ध गाड्या एकाच वर्षीं, १९६२ सालीं निघाल्या. चालविण्यास त्या मोठ्या आनंदाच्या होत्या. पण तेल गळण्याविषयीं आणि विजेच्या कुरबुरींविषयीं इंग्रजी रोडस्टरचा लौकिक कांहीं निराळाच होता. एमजीबीचें उत्पादन १९८० सालीं थांबलें आणि ही जातच संपली असें लोकांस वाटूं लागलें. तोंच १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यांत शिकागो येथील मोटार-प्रदर्शनांत जपानच्या माझ्दा कंपनीनें आपली एमएक्स-५ ही गाडी मांडली. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात. कल्पना जुन्या एलानची, पण बांधणी हिरोशिमा येथील कारखान्याची, असा हा योग होता. २००० सालीं ५,३१,८९० गाड्यांचा आंकडा गांठून तिनें दोन आसनी उघड्या क्रीडा-मोटारींच्या खपाचा जागतिक विक्रम नोंदविला, आणि दहा लाखावी गाडी २२ एप्रिल २०१६ रोजीं तयार झाली. जगांत आज जुन्या रोडस्टरचा विचार करणाऱ्या मनुष्यापुढें बहुधा हीच गाडी प्रथम येते. म्हणून तिची पहिली पिढी, म्हणजे १९८९ ते १९९७ या काळांतील गाड्या, येथें उदाहरणादाखल घेणें सोयीचें होईल.

या गाडीची रचना साधी आहे. पुढें चार सिलिंडरांचें इंजिन, तें प्रथम १५९७ घनसेंटिमीटरचें आणि पुढें १८३९ घनसेंटिमीटरचेंही; शक्ति मागील चाकांस; वजन सुमारें ९५० किलो; आणि डोक्यावर हातानें उघडण्याचा कापडी टप. इंजिनाचें कूळ त्याच कंपनीच्या घरगुती मोटारींच्या इंजिनाचें आहे. त्यामुळें तें सोसणारें आहे आणि त्याचे भाग मिळतात. हा साधेपणाच तिच्या दीर्घायुष्याचें कारण होय. तथापि तिच्यांतील सर्वांत तरुण गाडीलाही आतां पंचवीस वर्षें केव्हांच उलटून गेलीं आहेत, आणि या वयांत रबर कठीण होतें, प्लास्टिक तडकतें व लोखंड गंजतें, हा सृष्टिनियम कोणत्याही कंपनीस चुकवितां आलेला नाहीं.

खर्चाचा विचार करतांना बिघाडांच्या तीन पायऱ्या मानल्या, तर पुष्कळ घोटाळा टळतो. इंग्लंडांतील पौंडांच्या हिशेबानें पहिल्या पायरीवरचे बिघाड दोन आंकडी, दुसरीवरचे तीन आंकडी, आणि तिसरीवरचे चार आंकडी रकमेचे असतात. विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, बिघाडाचा गोंगाट आणि त्याचा खर्च यांचा एकमेकांशीं फारसा संबंध नसतो. जो बिघाड खडखड वाजून घेणाऱ्यास घाबरवितो तो पुष्कळदां स्वस्त असतो. आणि जो मुकाट्यानें वाढतो तोच महाग पडतो.

पहिल्या पायरीवरचें उत्तम उदाहरण क्लचचें आहे. एखादे दिवशीं क्लचचें पेडल पायाखालीं सरळ तळाला जातें आणि गिअर पडेनासा होतो. क्लचच निकामी झाला अशी मालकाची समजूत होते. वस्तुतः क्लच धडधाकट असतो. त्यास ढकलणारा एक लहानसा तेलाचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगास बसविलेला असतो, त्याच्या आंतील रबर झिजून तेल गळालेलें असतें. या गाडींत हा दोष इतका नेहमींचा आहे कीं, जाणते मालक त्यास बिघाड न मानतां नेमाचा खर्च मानतात. हा सिलिंडर अल्प किंमतींत मिळतो आणि बसविण्यास फार वेळ लागत नाहीं. मात्र पेडलापाशीं असलेला त्याचा जोडीदारही त्याच वेळीं बदलावा. एकाचें नवें रबर आणि दुसऱ्याचें जुनें, असा संसार फार दिवस टिकत नाहीं.

दुसरें उदाहरण तेलगळतीचें. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखालीं तेलाचे थेंब दिसले, म्हणजे इंजिनाच्या मागील बाजूचें मोठें सील गेलें असें निदान सहज केलें जातें. तें सील बदलावयाचें म्हणजे गिअरबॉक्स खालीं उतरवावा लागतो, आणि मजुरीचा आंकडा तत्काळ तीनावर जातो. परंतु या इंजिनाच्या माथ्यावर, अगदीं मागच्या टोंकाला, ठिणगीची वेळ ठरविणारें एक उपकरण आहे. त्याच्याभोंवतीं रबराचें एक बारीक कडें असतें. तें कडें वयोमानानें कठीण झालें कीं तेथून तेल पाझरतें, इंजिनाच्या पाठीवरून ओघळतें आणि बरोबर त्याच सांध्याशीं येऊन टपकतें. कड्याची किंमत एखाद्या चहाच्या पेल्याहून फारशी अधिक नाहीं. तेव्हां तेल कोठें पडतें हें पाहून न थांबतां तें कोठून निघतें हें पाहावें. वरचा भाग स्वच्छ पुसून, गाडी थोडी चालवून, मग ओल कोठें दिसते तें हातानें चाचपावें. या एका परीक्षेनें कित्येक शें पौंड वांचतात.

थंड इंजिन सुरू करतांच वरून टिकटिक असा आवाज येणें, हाही याच वर्गांतला प्रकार होय. या पिढीच्या इंजिनांत झडपांचें अंतर आपोआप राखणारे तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आहेत. तेल जुनें झालें, त्यांत गाळ बसला, कीं त्यांत दाब भरण्यास वेळ लागतो आणि ते बोलूं लागतात. इंजिन तापल्यावर आवाज थांबत असेल, तर वेळच्या वेळीं योग्य जातीचें तेल बदलणें हाच बहुधा पहिला आणि पुरेसा उपाय ठरतो. आवाज मात्र खालून, जड आणि ठोक्यासारखा येऊं लागला, तर तो निराळा रोग समजावा आणि अशा गाडीचा सौदा करूं नये.

आतां दुसरी पायरी. इंजिनाच्या तोंडाशीं एक दातेरी रबरी पट्टा असतो. झडपा आणि पिस्टन यांचा ताल तोच जमवितो. साठ हजार मैलांनीं, म्हणजे सुमारें ९६,००० किलोमीटरांनीं, तो बदलावा असा अमेरिकेंतील गाड्यांविषयीं कंपनीचा नियम होता. सुदैवानें या पिढींतील इंजिनाची घडण अशी आहे कीं, पट्टा तुटला तरी पिस्टन झडपांवर आदळत नाहीं. गाडी वाटेंत उभी राहते, पण इंजिनाचा चुराडा होत नाहीं. पट्टा बदलतांना पाण्याचा पंप आणि पुढील सीलें त्याच वेळीं बदलणें हें शहाणपणाचें, कारण तेथवर पोंचण्याची मजुरी दोन्ही कामांस एकच पडते. विकणारा ‘पट्टा नुकताच बदलला आहे’ असें म्हणत असल्यास पावती मागावी. पावती नसेल, तर तो बदललेला नाहीं असें धरूनच किंमत बोलावी.

रेडिएटरविषयीं तर डोळ्यांनींच पुरावा मिळतो. त्याची वरची टांकी काळ्या प्लास्टिकची असते. उष्णतेनें ती वर्षांनुवर्षें भाजली गेली, म्हणजे तिचा काळा रंग जाऊन ती तपकिरी दिसूं लागते. तपकिरी टांकी ही लवकरच तडकणारी टांकी होय. नवा रेडिएटर बसविणें हें कांहीं दिवाळें काढणारें काम नव्हे. पण तो न बसविण्याचा खर्च मोठा आहे. पाणी निघून जाऊन इंजिन तापलें, तर त्याचा ॲल्युमिनियमचा माथा वांकतो, गास्केट जळतें, आणि दुसऱ्या पायरीवरचा खर्च पाहतां पाहतां तिसरीवर जाऊन बसतो.

याच पायरीवर ब्रेक आणि चाकांची जोडणी यांचा समावेश करावा लागेल. हौसेची गाडी वर्षांतून थोडे दिवस बाहेर पडते आणि बाकीचे दिवस दमट गॅरेजांत उभी असते. उभी राहिल्यानेंच मागील ब्रेकचे हातब्रेकशीं जोडलेले भाग गंजून अडकतात. एक चाक दुसऱ्याहून अधिक तापत असेल, किंवा हातब्रेक ओढूनही गाडी उतारावर ठरत नसेल, तर हेंच कारण समजावें. चारही चाकांचे कोन नीट करण्यासाठीं या गाडींत जे लांब बोल्ट दिलेले आहेत, तेही गंजानें आपल्या नळ्यांत घट्ट चिकटून बसतात. कोन जुळविण्याचें काम अर्ध्या तासाचें असतें. परंतु बोल्ट कापून काढावे लागले तर त्याचा दिवस होतो. गाडी रस्त्यावर एका बाजूस ओढत असल्यास हा दिवस हिशेबांत धरावा. याउलट थंड असतांना दुसरा गिअर जरा हट्टीपणा करतो आणि तापल्यावर सुरळीत पडतो, एवढ्यानें गिअरबॉक्स वाईट ठरत नाहीं. पुष्कळदां त्याचें तेल बदलल्यानें स्वभाव निवळतो.

टप हा या मोटारीचा शृंगार आणि तिच्या दुखण्यांचें मूळही. मागची खिडकी कांचेची नसून लवचिक प्लास्टिकची आहे. टप खालीं पाडण्यापूर्वीं तिची चेन उघडून ती सपाट निजवावी लागते. घाईनें तसाच टप पाडला, कीं तिला घडी पडते, घडीवर चीर जाते, आणि थंडींत ती अधिकच लवकर जाते. संपूर्ण नवा टप, बसविण्याच्या मजुरीसह, तीन आंकड्यांच्या वरच्या टोंकास जातो. कापड उंची निवडल्यास चौथा आंकडाही गांठतो. तथापि फाटका टप दिसतो, त्याची किंमत आधीं काढतां येते, आणि ती विकणाऱ्याच्या मागणींतून वजा करतां येते. खरें संकट त्याच्या खालीं दडलेलें असतें.

टपाच्या बुडाशीं, आसनांच्या मागें, पावसाचें पाणी झेलणारी एक पन्हळ आहे. तिच्या दोन्ही टोंकांस मोऱ्या असून तेथून नळीवाटे पाणी खालीं जमिनीवर पडतें. पानें, धूळ आणि कापडाचे तंतू यांनीं या मोऱ्या बुजतात. मग पाणी आंत उतरतें, गालिच्याखालीं मुरतें आणि दाराखालील पोकळ तुळईंत, जिला गाडीचा उंबरठाच म्हणावें, तेथें सांचून राहतें. उंबरठा आंतून गंजूं लागतो. बाहेरचा रंग या काळांत अगदीं निर्मळ असतो. मागील चाकाच्या पुढें रंगावर बारीक फोड दिसूं लागतात, त्या वेळीं आंतील पत्र्याचें चाळण झालेलें असतें. ज्या देशांत हिंवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर मीठ पसरतात, तेथें हा नाश बाहेरूनही चालू असतो. म्हणून कोरड्या कॅलिफोर्नियांतील गाडी आणि इंग्लंडांतील गाडी एकाच वर्षीं जन्मल्या तरी एका वयाच्या राहत नाहींत.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाहीं, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. बंद मोटारींत छप्पर, खांब आणि तळ मिळून एक पेटी होते, आणि भार सर्वांत वांटला जातो. उघड्या मोटारीस छप्परच नसल्यामुळें पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग जोडून धरण्याचें ओझें मुख्यतः तळ, मधला बोगदा आणि हे दोन उंबरठे यांवर पडतें. उंबरठा सडलेली उघडी गाडी खड्ड्यांत वांकते, तिचीं दारें नीट लागत नाहींत, आणि आघाताच्या वेळीं आंतील माणसांचें रक्षण करण्यास ती असमर्थ ठरते. इंग्लंडांतील वार्षिक तपासणींत आसनाच्या पट्ट्याच्या किंवा चाकांच्या जोडणीच्या जागेपासून तीस सेंटिमीटरांच्या आंत पत्रा फार गंजलेला आढळला तर गाडी नापास करतात, तें याच कारणामुळें. सडका पत्रा कापून, नवा बेतून, वेल्डिंग करून, रंग जुळवून देणें हें काम दोन्ही बाजूंचें धरल्यास सहज चार आंकडी होतें. कापावयास सुरुवात केल्यावर आंत आणखी किती सडलें आहे हें कळतें, म्हणून त्याचा पक्का आंकडा कोणताही प्रामाणिक कारागीर आधीं देत नाहीं.

तिसऱ्या पायरीवरचा यांत्रिक दोष एकच, आणि तो केवळ आरंभींच्या १६०० च्या गाड्यांत आढळतो. इंजिनाच्या क्रँक-दांड्याचें पुढचें टोंक या गाड्यांत आंखूड होतें. तेथें कप्पी धरून ठेवणारा बोल्ट सैल झाला, तर चावीची खाच झिजते, कप्पी डुलूं लागते, ताल चुकतो आणि गाडीचा जोर नाहींसा होतो. १९९१ सालीं कंपनीनें दांड्याचें टोंक लांब करून हा दोष काढून टाकला. ओळखण्याची खूण सोपी आहे: कप्पीच्या तोंडावर चार फटी दिसल्या तर दांडा आंखूड, आठ दिसल्या तर लांब. आंखूड दांड्याची प्रत्येक गाडी बिघडतेच असें नाहीं. पण कप्पी डुलत असेल, तर दांडा बदलण्यापेक्षां दुसरें जुनें इंजिन बसविणेंच पुष्कळदां स्वस्त पडतें.

आतां समजुतीसाठीं दोन गाड्या कल्पावयाच्या. पहिलीची मागणी ३००० पौंड. तिचा रंग उडालेला, टप फाटलेला, क्लच घसरणारा, रेडिएटर तपकिरी, पट्ट्याची पावती नाहीं. दुसरीची मागणी ४५०० पौंड. नवा रंग, नवा टप, आसनें स्वच्छ. पहिलीस टपाचे ७००, क्लचचे ५००, रेडिएटरचे २०० आणि पट्ट्याचे ४०० असे १८०० पौंड लागले असें धरलें, तर ती ४८०० स पडते, आणि तिचे सारे झिजणारे भाग नवे होतात. दुसरीच्या नव्या रंगाखालीं लांबी भरून झांकलेले उंबरठे निघाले आणि त्यांस १५०० लागले, तर ती ६००० स पडते. शिवाय तिचा पट्टा, क्लच आणि रेडिएटर जुनेच राहतात. मळकी गाडी सुंदर गाडीहून स्वस्त आणि बळकट ठरली, ती केवळ तिच्या उंबरठ्यांमुळें. आंकडे कल्पित आहेत. त्यांतील न्याय मात्र कल्पित नाहीं.

म्हणून गाडी पाहण्याचा क्रम नेहमींच्या उलट असावा. प्रथम रंग आणि इंजिन न पाहतां वांकून उंबरठे पाहावेत. एक लहानसें लोहचुंबक कागदांत गुंडाळून त्यांवरून फिरवावें. पत्र्यावर तें धरतें, लांबीवर सुटतें. आसनामागील गालिचा हातानें दाबून ओल आहे का पाहावें. डिकी उघडून बॅटरीखालची जागा तपासावी, कारण मूळ बॅटरी बंद जातीची होती आणि तिच्या जागीं साधी बॅटरी नळी न जोडतां ठेवल्यास तिच्या वाफेनें खालचा पत्रा खाल्ला जातो. मग इंजिन अगदीं थंड असतांना सुरू करून ऐकावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असल्यास दुसरे दिवशीं पुन्हां यावें. इंग्लंडांत वार्षिक तपासणीचे २००५ पासूनचे निकाल गाडीच्या क्रमांकावरून कोणासही पाहतां येतात. त्यांत गंजाचा उल्लेख वर्षागणिक कसा वाढत गेला हें वाचणें पुष्कळदां प्रत्यक्ष पाहण्याइतकेंच उपयोगी ठरतें.

या गाडीच्या बाजूनें एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ जुन्या मोटारी भाग न मिळाल्यामुळें मरतात. हिच्या वांट्यास तें दैन्य आलेलें नाहीं. २०१७ सालीं खुद्द कंपनीनेंच जपानांत पहिल्या पिढीच्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याची आणि टपासह अनेक भाग पुन्हां तयार करण्याची योजना जाहीर केली. तेव्हां यंत्राची काळजी घेणाऱ्यास ती पुष्कळ वर्षें साथ देईल. मालकाकडून तिची अपेक्षाही माफक आहे: तेल आणि पाणी वेळेवर, ब्रेकचें व क्लचचें तेल दोन वर्षांनीं नवें, महिन्यांतून निदान एकदां दूरवर फेरी, आणि पावसाळ्यापूर्वीं एका मऊ दोरीनें त्या दोन मोऱ्या साफ करणें. या शेवटच्या कामास दहा मिनिटें लागतात आणि खर्च कांहींच येत नाहीं. उंबरठ्यांचे चार आंकडे बहुतेक तेथेंच वांचतात.